पुण्याच्या पेठांमधल्या गल्ल्या: कुठे काय मिळतं, कोणाकडे जायचं?

वैदेही_वाकड

नमस्कार मंडळी. सासूबाईंनी गावाकडचं घर आवरलं, त्यातली दोन पितळी पातेली आणि एक मोठी परात आमच्याकडे आली. पातेली दणकट आहेत, पण आतली कल्हई पार उडालीय. वाकडात कल्हईवाला फिरकत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर तिघींनी 'मोडीत द्या' असा सल्ला दिला. मला मोडीत द्यायची नाहीत.

यावरून डोक्यात आलं की एक अख्खा दिवस काढून लेकीला पेठा दाखवाव्यात. ती पाचवीत आहे. तिच्या लेखी दुकान म्हणजे काचेचं दार आणि थंड हवा. मला स्वतःला तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्यापलीकडे फार काही माहीत नाही, लग्नानंतर पुण्यात आले. घरबसल्या सामान दारात येतं हे सोयीचंच आहे, मीही मागवते. पण 'हे कशासाठी वापरतात' असं ज्याला विचारता येईल तो माणूस काही त्या खोक्यातून येत नाही.

तर कल्हई कुठे करून मिळेल? आणि तुमच्या माहितीतल्या गल्ल्या, आळ्या, एकाच वस्तूची दुकानं सांगा. कोपऱ्यावरची छोटी दुकानंही चालतील.

कसब्यातला_मंदार

ताई, पातेली मोडीत अजिबात देऊ नका. सरळ तांबट आळीत या. कसबा पेठेत फडके हौदाच्या अलीकडे उतरून कोणालाही विचारा. कल्हईवाले आळीत किंवा आसपास भेटतात. नसले तर तिथले कारागीर पत्ता देतात.

मुलीला कल्हई होताना बघू द्या, भांडी टाकून फिरायला जाऊ नका. आधी भांडं आतून घासून लख्ख करतात. मग भट्टीवर तापवतात. पूर्वी भाता असायचा, आता बहुतेकांकडे पंखा असतो. भांडं नीट तापलं की नवसागराची चिमूट टाकतात, भस्सकन पांढरा धूर येतो आणि नाकात झिणझिण्या येतात. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील पाण्यासारखं पळायला लागतं. कारागीर कापसाचा बोळा घेऊन गोल हात फिरवतो आणि बघता बघता पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. मग थेट गार पाण्यात, चर्र! सगळा खेळ काही मिनिटांचा.

विचारताना 'शुद्ध कथील आहे ना' हे विचारा. स्वस्तातल्या कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं, ते पोटात नको. घरी आणल्यावर रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशांना वितळतं. तारेची घासणी वर्ज्य, डाव लाकडी. एवढं पाळलं तर कल्हई बरीच टिकते.

सुगरण_नाही_मी

वाचतेय. आमच्याकडे असंच एक पातेलं माळ्यावर आहे. कल्हई नसताना आईने त्यात चिंचेची आमटी केली होती, ती अशी कळकली की शेजाऱ्यांनाही वासावरून कळलं.

स्नेहल_शनिपार

मंदार +१. तांबट आळीबद्दल थोडी भर. ही त्वष्टा कासारांची वस्ती, पेशवाईत वसलेली. आता घरं कमी राहिलीत, पण सकाळी गेलात तर ठोक्यांचा आवाज लांबूनच येतो. तिथे मठारकाम बघा. घंगाळ किंवा बंब तयार झाला की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकाशेजारी एक ठोके देतात. प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत टिकला उमटतो. लोकांना वाटतं नक्षी आहे. नक्षी आहेच, पण ठोकून तांबं कडक होतं, पोचे येत नाहीत. एक ओळ वाकडी गेली तर सगळं भांडं वाकडं दिसतं, म्हणून कारागीर काम करताना मान वर करत नाही. त्याने हातोडी खाली ठेवली की मगच बोला, तेव्हा तो मनापासून सांगतो.

मंडईजवळची बुरूड आळीही सोडू नका. सुपं, रोवळ्या, परड्या, दुरड्या, हारे. सूप घेताना उजेडाकडे धरून बघायचं, वीण जितकी घट्ट तितकं चांगलं. गावाकडे नवं सूप शेणाने सारवून घ्यायचे म्हणजे फटीत दाणे अडकत नाहीत. माझी आजी कागदाचा लगदा आणि मेथीची खळ लावायची.

हिशेबी_माणूस

सगळं छान, पण दुसरी बाजूही लिहू द्या. गाडी लावायला जागा नाही, रस्ता अरुंद, दुपारी दुकान बंद. मागे एका दुकानात पितळी समयांचे भाव विचारले तर उत्तर मिळालं, 'घ्यायच्या असतील तर दाखवतो.' मी घ्यायलाच आलो होतो! तसाच निघालो आणि घरी येऊन मोबाईलवर मागवल्या. नीट आल्या. छोट्या दुकानांविषयी सगळे हळवे होतात, पण ग्राहकाने अपमान का सोसायचा?

झेंडू_शेवंती

हिशेबी, तुमची तक्रार रास्त आहे. पण पुण्यात 'दाखवतो' इथपर्यंत मजल गेली म्हणजे त्या दिवशी मालकांचा मूड चांगला होता 😄

रेवा_रविवार

हिशेबी, त्या दुकानदाराचं चुकलंच. पण दुपारच्या झाकपाकीबद्दल मला लिहायचंय, कारण मी दुकानदाराची मुलगी आहे. रविवार पेठेत आमचं लेस, बटणं, गोंडे, जर यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. बाबा सकाळी दुकान उघडायचे, एकला जेवायला वर यायचे, चारला पुन्हा खाली, रात्री शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत. नोकर ठेवण्याएवढी कमाई नव्हती. ते तीन तास मिळाले नसते तर बाबा आम्हाला दिसलेच नसते. त्यावर इतके विनोद झालेत की आता कोणी केला की मी उठून जाते.

दुकानात काय असायचं ते सांगते, कारण ते कुठल्याही ॲपवर शोधून सापडणार नाही. बायका एक बटण घेऊन यायच्या. सहापैकी पाच आहेत, एक हरवलंय. बाबा ते बटण तळहातावर ठेवून उलटं करायचे. मागचा टाका बघायचे, कड बघायचे, मग न बघता मागे हात घालून कुठला तरी पत्र्याचा डबा काढायचे. बहुतेक वेळा जोडीचं बटण त्यातच निघायचं. एका बटणासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा म्हटलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्या बाईच्या सुनेच्या बस्त्यातली सगळी जर आमच्याकडून गेली.

दुकान बंद झालं ते मोबाईलमुळे नाही. पागडीची, म्हणजे जुन्या भाडेकरारातली जागा होती, मालकीची नव्हती. वाडा पाडायचा ठरला, नव्या इमारतीत मिळणारी जागा निम्मी आणि वर्षानुवर्षांची वाट. तोवर भाड्याने दुसरीकडे धंदा मांडायचा तर भाड्यातच सगळं जाणार. दादा नोकरीला लागला होता, मीही. बाबांनी माल शेजारच्या दुकानात देऊन टाकला. पेठेतली बरीच दुकानं अशीच गेलीत. लोक म्हणतात पोरांना धंदा नको होता. आम्हाला हवा होता, जागा नव्हती.

वैदेही_वाकड

रेवा, तुझा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. शेजारचं ते दुकान अजून आहे का?

रेवा_रविवार

आहे, बोहरी आळीकडे जाताना. डबेही तेच आहेत. नाव इथे लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) करते.

गिरगावचा_समीर

पुणेकरांनो, धागा चांगला चाललाय, पण बाजार बघायचा तर मुंबईत या. क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालचं, दारावरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंगची. तिथून बाहेर पडलात की मंगळदास मार्केटात कापड, लोहार चाळीत विजेचं सामान, पुढे झवेरी बाजार, भुलेश्वर. एका दुपारी पाय मोडतात. आणि दुपारी काही बंद नसतं! (रेवा, तुम्हाला उद्देशून नाही. तुमचं लिहिणं फार आवडलं.)

पंत_सदाशिव

समीर, मुंबईचा आवाका मोठा आहे यात वाद नाही. गंमत अशी की क्रॉफर्ड मार्केट आणि आमची मंडई, दोन्ही आज महात्मा फुले यांच्या नावाने आहेत. आमची इमारत १८८६ ची, तेव्हा नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. जोतीराव तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. मुलीला मंडईत नेणार असाल तर ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा. आठ कोनांच्या त्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की गाळ्यांच्या रांगा चहूबाजूंना फुटलेल्या दिसतात. भाजीवाल्यांच्या काही घराण्यांचे गाळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत.

मंडईची_मावशी_फॅन

मंडईत सणाच्या आदल्या दिवशी जा, मग बघा. संक्रांतीला सुगडं, ओल्या हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या. हरतालिकेला पत्री. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्या, त्यात कोणत्या चालतात हे मावश्या तोंडपाठ सांगतात. मला सासरी कोणी शिकवलं नाही, मंडईतल्या मावशींनी शिकवलं. 'भोपळा असू दे, काकडी घे, आळूची देठं विसरू नकोस, आणि मिरची ओली घाल गं.'

फक्त घासाघीस करू नका तिथे. जुडीमागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बायका बघितल्या की वाईट वाटतं.

काटकसर_क्वीन

मावशी_फॅन, इथे मी असहमत. भाव करणं म्हणजे अपमान असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्याकडे भाव करणं म्हणजे बोलणं. भाजीवाली चाळीस सांगते कारण तिला माहीत असतं मी तीस म्हणणार आणि पस्तीसला दोघी खूश. मी गुपचूप चाळीस दिले तर ती दोन मिरच्या, कढीपत्ता पण टाकणार नाही. तुळशीबागेत पथारीवाल्यांकडे तर भाव केला नाही तर त्यांना चुकल्यासारखं होतं.

मंडईची_मावशी_फॅन

तुळशीबागेचं मान्य. पण बुरूड आळीत करू नका. एका सुपाला किती वेळ जातो ते समोर बसून बघा आणि मग भाव करायची हिंमत होते का सांगा.

काटकसर_क्वीन

हे पटलं. हाताने केलेल्या वस्तूचा भाव मीही करत नाही. बाहेरून आणून विकलेल्या मालाचा मात्र करणारच.

ट्रान्झिस्टर_तात्या

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान. वायर, स्विच, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, दिवाळीच्या माळा. डिप्लोमाला होतो तेव्हा आमचं सर्किट काही केल्या चालेना. सर म्हणाले पुन्हा करा. एका दुकानात नवीन भाग मागितले तर काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं, 'जुने जळले कसे?' मी कागदावर आकृती काढली. त्यांनी एका रेषेवर बोट ठेवलं, 'इथे डायोड उलटा आहे, पोरा. नवे घेतलेस तरी जळणार.' चार रुपयांचा एक डायोड दिला आणि बाकीचे परत डब्यात टाकले. त्या वेळी त्यांना दीडशे रुपयांचा माल विकता आला असता. आजही मला काही हवं असलं की तिथेच जातो. जळलेला भाग सोबत न्या, नाव माहीत नसलं तरी चालतं.

नागपुरी_संत्रं

आमच्या इतवारीवर वेगळा धागा काढावा म्हणतो. मिरची, धान्य, भांडी, सोनं, सगळ्याच्या वेगळ्या ओळी. वऱ्हाडातली लग्नं अजून तिथूनच उठतात.

झेंडू_शेवंती

काढा काढा. सावजी मसाल्याचंही लिहा.

नागपुरी_संत्रं

मसाल्यावर लिहिलं तर धागा दोनशेवर जातो, सवडीने.

बाणेर_गिरणी_समर्थक

सगळे पेठांकडे धावताय म्हणून सांगतो, उपनगरातही बघण्यासारखं आहे. आमच्याकडे दोन टॉवरच्या मधल्या बोळात पिठाची गिरणी आहे. दादा डबा हातात घेतात आणि वजनावरून आत काय आहे ते ओळखतात. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकत नाहीत, आधीचं पीठ मिसळून भाकरी बिघडते म्हणून. उपवासाच्या भाजणीची वेळ ठरलेली आणि त्या वेळी दुसरं काही दळत नाहीत. चकलीची भाजणी आणली तर चिमटीत घेऊन सांगतात, 'वहिनी, डाळ कमी भाजलीये, चकली मऊ पडेल, परत परतून आणा.' यंत्र तर काय, घरघंटी सगळ्यांकडे आली. हे सांगणारं कोणी नाही घरात. वैदेही, वाकडातही अशी गिरणी नक्की असेल.

वैदेही_वाकड

आहे! आणि मी आजवर डबा वॉचमनकाकांकडे ठेवून पाठवायचे. आता स्वतः जाईन.

हिशेबी_माणूस

तात्या आणि रेवा, तुमचं वाचून विचार करतोय. माझा मुद्दा अजून आहेच, की वागणूक नीट हवी. पण समईची वात लावायची जागा सैल झालीय आणि मोबाईलवर त्याचं उत्तर देणारं कोणी नाही, हेही खरं. ते तांबट आळीत दुरुस्त होईल का?

कसब्यातला_मंदार

होईल. आट्याचं काम आहे, समईचे सगळे भाग सुटे करून आणा. आणि घरची समई आहे म्हणून सांगा, काळजीने करतात.

जुनं_ते_सोनं_नाही

जुन्या बाजाराचा उल्लेख राहिला. कुंभारवेशीपाशी, बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी हत्यारं, पकडी, कुलपं, घड्याळं, यंत्रांचे सुटे भाग, चपला, काय वाटेल ते. सुतारकामाचे जुने रंधे आणि पटाश्या मला तिथेच मिळाल्या, आजच्यापेक्षा पोलाद चांगलं. नाण्यांच्या बाबतीत सावध. 'शिवराई' म्हणून ढिगाने विकतात, त्यातली कितीतरी कालपरवा पाडलेली असतात. हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको. गर्दी फार असते, मुलीचा हात सोडू नका.

वैदेही_वाकड

केवढी माहिती मिळाली! आता माझ्या प्रश्नाकडे परत येते. शनिवारी निघायचं ठरलंय. दोन पातेली, परात आणि मुलगी सोबत. गाडी आणायची का? आणि कुठून सुरुवात करून कुठे संपवू?

स्नेहल_शनिपार

गाडी मुळीच नको. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो पेठांत आलीय. तुम्ही पिंपरी-चिंचवडच्या बाजूने याल, तर स्वारगेटकडे जाणारी मेट्रो धरून कसबा पेठ स्टेशनवर उतरा. सकाळी दहाच्या आसपास पोहोचा.

आधी तांबट आळी, कारण पातेली जड आहेत, ती पहिल्यांदा हातावेगळी करा. कल्हई बघून झाली की भांडी तिथेच ठेवायला परवानगी मागा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. मग फडके हौदावरून रविवार पेठेत उतरा. बोहरी आळीत खोकी, पिशव्या, सजावटीचं सामान, रेवाने सांगितलेलं लेस-बटणांचं दुकान. कापडगंज जवळच. तिथून सोन्या मारुती चौक आणि लक्ष्मी रस्ता धरून पश्चिमेला चालत या. एक वाजत आला असेल, आता जेवा, दुकानं बंद असली तरी हरकत नाही. तीन-चारच्या सुमारास तुळशीबाग. आत राममंदिर आहे, ते बघा. मुलीला भातुकलीची पितळी भांडी दाखवा, छोटं जातं, छोटी चूल, बोटाएवढा झारा. शेवटी मंडई आणि बुरूड आळी. भांडी घ्यायला मंडईहून मेट्रोने एकच स्टेशन मागे, आणि तीच मेट्रो पुढे घरी.

पंत_सदाशिव

स्नेहलताईंचा क्रम उत्तम. एक सुचवतो. वेळ उरला तर अप्पा बळवंत चौक, पुस्तकं आणि वह्यांसाठी. मुलगी पाचवीत आहे म्हणता, तिला तिथे स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू द्या. आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येक गल्लीची वेगळी असते, कल्हईवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून घ्या. मंदार नंबर देईल.

कसब्यातला_मंदार

व्यनि केलाय. ताई, परातीला कल्हई लागेलच असं नाही. कणीक मळायला वापरणार असाल तर नुसती चिंच-मिठाने घासली तरी पुरे. दाखवा आणि विचारा, गरज नसेल तर ते स्वतःच नको म्हणतील.

सुगरण_नाही_मी

मंदार, मलाही नंबर द्या ना. माळ्यावरचं पातेलं काढतेय. आणि कोणाला वेताच्या खुर्चीची बैठक विणून देणारे माहीत आहेत का? आमच्या आजोबांची आरामखुर्ची मधोमध फाटलीय.

स्नेहल_शनिपार

बुरूड आळीत विचारा. सगळे विणत नाहीत, पण कोण विणतो ते तिथे नक्की कळेल. खुर्ची उचलून नेऊ नका, फोटो आणि बैठकीचं माप पुरतं. चौकटीला भोकं आहेत का, तेही बघून जा. भोकं असतील तर हाताने विणतात, नुसती खाच असेल तर तयार विणलेली जाळी बसवतात. दोन्हींचा भाव वेगळा.

सुगरण_नाही_मी

भोकं आहेत, आत्ताच जाऊन बघितली. शनिवारी मीही येते. वैदेही, चालेल ना?

वैदेही_वाकड

पळेल! दहा वाजता कसबा पेठ स्टेशनच्या बाहेर. अजून कोणी येणार असेल तर इथेच लिहा.